लहान गोळी आणि मोठी गोळी : रायफलीच्या बोअरची निवड

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जयनगर ही वसाहत १९४८ साली वसविण्यात आली. ती आकारास येत असता याच शहरात केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे विख्यात शिकारी व लेखक राहत होते. नरभक्षक वाघ व बिबटे यांच्या मागावर दक्षिणेतील अरण्यांत हिंडताना ते विंचेस्टर बनावटीची ०.४०५ बोअरची रायफल वापरीत. याउलट, पन्नास मीटर अंतरावरील नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ०.२२ बोअरचीच रायफल वापरली जाते. एका कामास मोठी गोळी व दुसऱ्या कामास लहान गोळी का निवडावी लागते, याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमांत सापडते.

रायफलीच्या नळीच्या आतील व्यासास बोअर म्हणतात. तो इंचाच्या भागांत सांगण्याची रूढी आहे. ०.२२ बोअरच्या गोळीचा व्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर, तर ०.४०५ बोअरच्या गोळीचा व्यास सुमारे १०.४ मिलिमीटर असतो. परंतु केवळ व्यासावरून दोहोंमधील खरे अंतर कळत नाही. लहान गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असून ती सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. मोठ्या गोळीचे वजन सुमारे १९.४ ग्रॅम आणि वेग सेकंदास सुमारे ६७० मीटर असतो. गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. वेगाच्या बाबतीत मात्र ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठ्या गोळीचे वजन साडेसात पट व वेग दुप्पट असल्यामुळे तिची ऊर्जा सुमारे तीस पट होते. हिशेब केल्यास लहान गोळीची ऊर्जा १४० ज्यूल व मोठ्या गोळीची ४,३०० ज्यूलांहून अधिक येते.

वाघासारख्या प्राण्याचे हृदय व फुप्फुसे जाड स्नायू आणि हाडे यांच्या आड असतात. तेथवर पोहोचण्याइतकी ऊर्जा गोळीत नसेल, तर प्राणी मरत नाही. तो जखमी होऊन निसटतो. याचे परिणाम इतरांस भोगावे लागतात. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने, त्यांच्या नोंदीप्रमाणे, ४३६ माणसांचे बळी घेतले होते. बंदुकीच्या जुन्या जखमेने तिच्या उजव्या बाजूचे सुळे मोडलेले आढळले. नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळे ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. अपुरी गोळी आणि चुकलेला नेम यांचे मोल असे फार मोठे असते.

मग मोठीच गोळी सर्वत्र का वापरू नये? न्यूटनच्या नियमानुसार गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. दोन्ही रायफली चार किलोग्रॅम वजनाच्या मानल्या व केवळ गोळीपुरता हिशेब केला, तर लहान गोळीमुळे रायफल सेकंदास सुमारे ०.२ मीटर वेगाने मागे येते, तर मोठ्या गोळीमुळे तीन मीटरांहून अधिक वेगाने. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत असे धक्के खांद्याने सोसत राहिल्यास शरीर आधीच आखडू लागते व नेम ढळतो. शिवाय पन्नास मीटरवरील लक्ष्यपत्रावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या गोळीइतकाच असतो! कागदास भोक पाडण्यास १४० ज्यूलही गरजेपेक्षा जास्तच होत. स्पर्धेच्या लहान गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवतात, त्यामुळे ध्वनिवेग ओलांडताना हवेत निर्माण होणारा अडथळा टळतो.

तथापि लहान गोळी निरुपद्रवी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. नळी उंच धरून झाडल्यास तीही दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. जयनगरसारख्या दाट वस्तीत एका ब्लॉकमधून सुटलेली गोळी कितीतरी घरे ओलांडील. म्हणूनच नेमबाजीच्या मैदानावर लक्ष्यामागे गोळी अडविणारा भक्कम बांध आवश्यक असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व १९९१ मधील दुरुस्तीने वन्य प्राण्यांच्या शिकारीचा छंद बंद झाला. नेमबाजीचे कौशल्य मात्र खेळात जिवंत आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. दोघांच्याही हाती होती ती लहान गोळीची रायफल. साधनाचे मोठेपण त्याच्या आकारात नसून ते कार्यास किती अनुरूप आहे यात असते, हेच यावरून दिसून येते.