हँबुर्गचा चाकू आणि स्टेफीची 22 विजेतेपदं

महिला टेनिसमधली सर्वश्रेष्ठ कोण हा वाद निघाला आणि कुणी स्टेफी ग्राफचं नाव घेतलं, की थोड्याच वेळात एक वाक्य येतंच: 'मोनिका सेलेसवर चाकूहल्ला झाला म्हणून, नाहीतर स्टेफीला एवढी ग्रँड स्लॅम कुठून मिळाली असती?' दूरदर्शनवर विम्बल्डनची फायनल बघत मोठी झालेली माणसं हे बोलतात. स्टेफी निवृत्त झाल्यानंतर जन्मलेली मुलंही तितक्याच खात्रीनं बोलतात. वाक्य एकदा उच्चारलं की स्टेफीचा विषय संपला, असं सगळेच धरून चालतात. मला ते ऐकून दर वेळी राग येतो, कारण त्यात स्टेफीवर अन्याय आहे आणि सेलेसवर त्याहून मोठा.

आधी घडलं काय ते बघू. 30 एप्रिल 1993 रोजी हँबुर्गमधल्या स्पर्धेत सेलेस माग्दालेना मालेएव्हाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळत होती. बाजू बदलताना ती खुर्चीत बसली असताना प्रेक्षकांतून पुढं आलेल्या एका माणसानं तिच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, चाकू खुपसला. हा माणूस स्टेफीचा पछाडलेला चाहता होता आणि स्टेफी पुन्हा अव्वल व्हावी म्हणून आपण हे केलं, अशी कबुली त्यानं दिली. सेलेस तेव्हा 19 वर्षांची होती, जगात पहिल्या क्रमांकावर होती आणि तिच्या नावावर आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदं होती. ती पुन्हा स्पर्धेत उतरली ती ऑगस्ट 1995मध्ये. मधली सव्वादोन वर्षं गेली ती गेलीच.

एवढं सगळं खरं आहे. आता तारखा घ्या.

स्टेफीची एकेरीतली ग्रँड स्लॅम विजेतेपदं 22. त्यातली 11 हँबुर्गच्या आधीची आहेत. बरोबर निम्मी! या 11पैकीही नऊ तर सेलेसनं आपलं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकण्यापूर्वीची. 1987मध्ये स्टेफीनं पॅरिसला नवरातिलोवाला तिसऱ्या सेटमध्ये 8-6 असं हरवलं, तेव्हा तिला 18 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. 1988मध्ये तिनं चारही ग्रँड स्लॅम जिंकली. मेलबर्नच्या फायनलमध्ये समोर ख्रिस एव्हर्ट होती, विम्बल्डनला पुन्हा नवरातिलोवा. 1989मध्ये आणखी तीन आली. त्या वर्षी तिनं 86 सामने जिंकले आणि दोनच हरली. त्यातली पॅरिसमधली फायनल अरांता सांचेझनं तिच्याकडून खेचून घेतली, नाहीतर ओळीनं दोन वर्षं चारही स्पर्धा तिच्या झाल्या असत्या. ऑगस्ट 1987 ते मार्च 1991 असे सलग 186 आठवडे ती क्रमवारीत पहिली होती. यातलं काय हँबुर्गमुळे मिळालं?

मग 1990 उजाडलं आणि सेलेस आली. स्टेफीच्या चाहत्यांना मान्य करायला जड जातं, पण स्टेफीचा दबदबा चाकूहल्ल्याच्या कितीतरी आधी सेलेसनंच मोडला होता, तोही रॅकेटनं. मे 1990मध्ये बर्लिनला, स्टेफीच्या मायदेशात, तिनं स्टेफीची सलग 66 विजयांची मालिका संपवली. काही आठवड्यांतच पॅरिसची फायनलही जिंकली. दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी मारलेले तिचे फटके इतक्या लवकर आणि इतक्या तिरक्या कोनात यायचे की स्टेफीला आपला फोरहँड लावायला जागाच उरायची नाही. जानेवारी 1991 ते जानेवारी 1993 या काळात नऊ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. सात सेलेसनं जिंकल्या, दोन स्टेफीनं. ग्रँड स्लॅममध्ये सेलेस या काळात 55 सामने जिंकली आणि एकच हरली. या आकड्यांपुढं कुणी वाद घालू नये.

पण तो एक पराभव कुठं झाला? विम्बल्डनच्या फायनलमध्ये, 1992 साली, स्टेफीकडून, 6-2, 6-1. स्टेफीचा स्लाइस केलेला बॅकहँड हिरवळीवर पडून घोट्याएवढाच वर यायचा, आणि दोन्ही हातांनी खेळणाऱ्या सेलेसला तो उचलताना कमरेत वाकावं लागायचं. सेलेस संपूर्ण कारकिर्दीत विम्बल्डन एकदाही जिंकली नाही. म्हणजे हल्ला झाला नसता तर पॅरिस, न्यूयॉर्क आणि मेलबर्नला स्टेफीचं पुष्कळ नुकसान झालं असतं असं मानायला जागा आहे. विम्बल्डनबाबत तसं मानायला फारसा आधार नाही.

आणखी एक आकडा या चर्चेत कुणी काढत नाही. डब्ल्यूटीएच्या नोंदींनुसार या दोघींमध्ये एकूण 15 सामने झाले, त्यातले दहा स्टेफीनं जिंकले. यावर 'ते नंतरचे, सेलेस खचल्यावरचे' असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. म्हणून नंतरचे सगळे बाजूला ठेवा. हल्ल्यापूर्वी दोघी दहा वेळा समोरासमोर आल्या होत्या आणि हिशेब स्टेफीच्या बाजूनं 6-4 असा होता. अर्थात त्यात सेलेस 15 वर्षांची असतानाचे सामनेही येतात, आणि ग्रँड स्लॅमच्या चार फायनलपैकी तीन सेलेसनं घेतल्या होत्या. यातून एकच निघतं: दोघी तुल्यबळ होत्या आणि ही झुंज ऐन रंगात असताना तोडली गेली. 1992ची पॅरिसची फायनल सेलेसनं तिसऱ्या सेटमध्ये 10-8 अशी जिंकली. ज्यांनी ती पाहिली त्यांना एकीच्या मेहेरबानीवर दुसरी जगत होती असं वाटणं शक्य नाही.

आता सेलेस मैदानात नव्हती तो काळ. फ्रेंच ओपन 1993पासून विम्बल्डन 1995पर्यंत दहा ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. स्टेफीनं त्यातल्या सहा जिंकल्या. बाकीच्या चार? सांचेझनं दोन, कोंचिता मार्टिनेझनं एक, मेरी पिअर्सनं एक. मार्टिनेझनं 1994चं विम्बल्डन जिंकलं, त्या स्पर्धेत स्टेफी पहिल्याच फेरीत लोरी मॅकनीलकडून हरली होती. सेलेस नसणं ही जर सगळ्यांसाठीच मोकळी झालेली वाट होती, तर मार्टिनेझच्या किंवा पिअर्सच्या करंडकासमोर फुली का मारली जात नाही? त्यांची विजेतेपदं खरी आणि स्टेफीची तेवढी उसनी, असा न्याय असतो का? 1993च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये 4-1 अशी पुढं होती आणि 5-1 करायला तिला एकच गुण हवा होता. लोकांच्या लक्षात राहिलं ते बक्षीस समारंभातलं डचेस ऑफ केंटच्या खांद्यावरचं तिचं रडणं. तिथून सलग पाच गेम घेऊन सामना फिरवणारी खेळाडू मात्र विसरली गेली.

वादासाठी आपण सगळ्यात कठोर हिशेब लावू. सेलेसच्या अनुपस्थितीतली सहाच्या सहा विजेतेपदं स्टेफीच्या नावावरून काढून टाकू, विम्बल्डनची दोन धरून. तरी 16 उरतात. त्यातली पाच सेलेस परत आल्यानंतरची आहेत: 1995चं अमेरिकन ओपन, 1996ची फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, आणि 1999ची फ्रेंच. दोन्ही अमेरिकन ओपनच्या फायनलमध्ये समोर सेलेसच होती. 1995च्या फायनलमध्ये पहिल्या सेटच्या टायब्रेकरमध्ये सेलेसला सेट पॉइंट होता. तिची सर्व्हिस एस गेली असं वाटत असताना पंचांनी ती बाहेर दिली. स्टेफीनं तो टायब्रेकर घेतला, दुसरा सेट 6-0 असा गमावला आणि तिसरा 6-3 असा जिंकला. वडील करचुकवेगिरीच्या आरोपाखाली जर्मनीत तुरुंगात होते आणि पाठीच्या दुखण्यानं ती स्वतः बेजार होती. 1999मध्ये पॅरिसला उपांत्य फेरीत तिनं सेलेसला हरवलं आणि फायनलमध्ये पहिल्या क्रमांकाच्या हिंगिसला. हे शेवटचं विजेतेपद तरी कुणाच्या खात्यात टाकायचं?

जे घडलंच नाही त्याचा नेमका आकडा कुणालाच देता येणार नाही. सेलेस खेळत राहिली असती तर स्टेफीची विजेतेपदं 22पेक्षा कमी भरली असती, सेलेसची नऊपेक्षा बरीच जास्त, असं मलाही वाटतं. माझा विरोध 'त्या हल्ल्याशिवाय स्टेफी काहीच नव्हती' या उडीला आहे.

या वाक्यातून सेलेसचं काय होतं तेही बघायला हवं. स्टेफीला ठोकायचं हत्यार एवढाच तिचा उपयोग उरतो. चाकू दीड सेंटिमीटर आत गेला होता आणि ती जखम काही आठवड्यांत भरली. मनाची भरली नाही. त्याच काळात वडिलांना कर्करोगाचं निदान झालं. ते 1998मध्ये गेले. नैराश्य आणि ताबा सुटल्यासारखं खाणं यांच्याशी चाललेल्या लढाईबद्दल तिनं 'गेटिंग अ ग्रिप' या 2009च्या पुस्तकात स्वतःच लिहिलं आहे. हल्लेखोराला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. म्हणजे तो मोकळाच राहिला. सेलेस पुन्हा कधीही जर्मनीत खेळली नाही. एवढं सगळं होऊन ती परतली, परतल्यावरची पहिलीच स्पर्धा तिनं टोरांटोत जिंकली, 1996चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं, 2000मध्ये सिडनीत ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. सेलेसबद्दल खरंच हळहळ वाटत असेल तर या गोष्टी बोलाव्यात. तिचं नाव घेऊन फक्त स्टेफीची विजेतेपदं वजा करत बसणं ही सहानुभूती नव्हे.

आणि एक निव्वळ अफवा: हल्ल्यामागं स्टेफीच्या गोटातलं कुणीतरी होतं. याला कसलाही पुरावा नाही. त्या माणसानं स्वतःच्या वेडापायी हे केलं, खटल्यातही दुसरं काही निघालं नाही. स्टेफी सेलेसला बघायला रुग्णालयात गेली होती. स्पर्धा मात्र आयोजकांनी चालूच ठेवली, आणि राग धरायचाच असेल तर त्याचा धरावा. स्टेफी त्या स्पर्धेची फायनल सांचेझकडून हरली, हेही जाता जाता.

बाकीचे गैरसमज यापुढं किरकोळ आहेत.

'गोल्डन स्लॅम आता पुष्कळांनी केलंय.' आगासी, नदाल, सेरेना आणि जोकोविच यांनी चारही ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिकचं एकेरीतलं सुवर्ण जिंकलं, पण वेगवेगळ्या वर्षांत मिळून. एकाच वर्षात पाचही जिंकणारी स्टेफी एकटी होती. 2021मध्ये व्हीलचेअर टेनिसच्या एकेरीत नेदरलँड्सच्या डीडे द ग्रूटनं आणि ऑस्ट्रेलियाच्या डिलन ऑलकॉटनं ते केलं, आणि या दोघांची नावं सहसा कुणी घेत नाही. स्टेफीच्या आधी मोरीन कॉनोली आणि मार्गारेट कोर्ट यांनी एका वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या होत्या. त्यांना पाचवी संधीच नव्हती, कारण 1924नंतर टेनिसची पदकं ऑलिंपिकमध्ये परतली ती थेट 1988च्या सोलमध्ये.

'1988मध्ये समोर कुणी दमाचं नव्हतं.' पॅरिसच्या फायनलमध्ये झ्वेरेव्हाला 6-0, 6-0 हरवलं, त्यावरून हे बोललं जातं. त्याच वर्षी नवरातिलोवा, एव्हर्ट आणि साबातिनी तिघीही खेळत होत्या. साबातिनीनं तर तिला त्या वर्षी दोनदा हरवलंही. पण अमेरिकन ओपनच्या आणि ऑलिंपिकच्या फायनलमध्ये स्टेफीच जिंकली.

'तिला बॅकहँड नव्हता.' होता. टॉपस्पिनचा बॅकहँड ती नेटवर आलेल्या खेळाडूला पार करण्यासाठी राखून ठेवायची. एरवी स्लाइस मारायची, कारण खाली राहणारा, संथ स्लाइस तिला डावीकडं धावून फोरहँड लावायला वेळ मिळवून द्यायचा. तो फोरहँड साधायचा तिच्या पायांमुळं, आणि त्या पायांची तयारी सामन्याचं चित्रण मंद गतीनं बघितल्याशिवाय समजत नाही.

'ती फक्त हिरवळीची राणी.' विम्बल्डन सात वेळा, फ्रेंच सहा, अमेरिकन पाच, ऑस्ट्रेलियन चार. व्हीलचेअर टेनिस सोडलं, तर एकेरीत चारही स्पर्धा प्रत्येकी किमान चार वेळा जिंकलेला दुसरा खेळाडू, पुरुष किंवा स्त्री, आजवर झालेला नाही.

'आगासीशी लग्न केलं आणि खेळ सोडला.' तिनं निवृत्ती जाहीर केली ऑगस्ट 1999मध्ये, तिसाव्या वर्षी, क्रमवारीत तिसऱ्या क्रमांकावर असताना. दोनच महिन्यांपूर्वी ती फ्रेंच ओपन जिंकली होती आणि विम्बल्डनच्या फायनलमध्ये पोचली होती. लग्न झालं ऑक्टोबर 2001मध्ये. खेळ सुटला तो वर्षानुवर्षं साठत गेलेल्या दुखापतींनी, आणि आता खेळण्यात आनंद उरला नाही हे तिनं स्वतः सांगितलं होतं.