हस्कीला सायकलीला जुंपण्याआधी

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे किंवा ठाण्याच्या मोठ्या गृहसंकुलांत निळ्या डोळ्यांचा सायबेरियन हस्की दिसला, तर आता कोणाला फारसं नवल वाटत नाही. आणलं तेव्हा कापसाच्या गोळ्यासारखं असलेलं ते पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं, की सोफा कुरतडतं, फिरायला नेलं की खांदा निखळेल इतका पट्टा ओढतं आणि एकटं राहिलं की गळा काढून मजला डोक्यावर घेतं. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘सायकलीला बांध आणि पाच किलोमीटर पळवून आण. गप्प झोपेल.’

हस्की सायकलीबरोबर पळू शकतो. युरोपात तो रीतसर खेळ आहे आणि नीट केला तर कुत्र्याला त्यात मनापासून आनंद मिळतो. प्रश्न आहे तो कोणत्या वयात, कोणत्या हवेत आणि कशाला बांधून, याचा. त्याबद्दलचे काही गैरसमज पिल्लाच्या सांध्यांवर बेततात, तर काही थेट जिवावर.

‘जात बर्फगाडी ओढणारी आहे, त्याला काय होतंय?’

ही जात घडवली ती सायबेरियाच्या ईशान्य टोकावरच्या चुकची लोकांनी. हलकं ओझं, मध्यम वेग आणि लांबचा पल्ला ही तिची खासियत. १९०८ च्या सुमाराला हे कुत्रे अलास्कात आले आणि १९२५ च्या हिवाळ्यात जगाला माहीत झाले. नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्यानं कुत्र्यांच्या गाड्या हाकत सुमारे १,०८५ किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत कापलं आणि घटसर्पावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) पोचवलं. त्यात सर्वांत अवघड टप्पा लेऑनहार्ड सेप्पालाच्या गाडीनं पार केला. त्या गाडीचा म्होरक्या टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. आयुष्यभर तयार झालेला कुत्रा होता तो, आणि हवा शून्याच्या कितीतरी खाली होती. जातीच्या या कीर्तीचं माप आपल्या आठ महिन्यांच्या पिल्लाला लावता येत नाही.

कारण त्याची हाडं अजून तयार व्हायची असतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. ही कूर्चा पक्क्या हाडापेक्षा मऊ असते. तिला इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा आखूड राहू शकतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यांत बहुतेक पट्ट्या वर्षाच्या आसपास बंद होतात. मालाम्यूटसारख्या थोराड जातींत दीड वर्षही लागतं आणि लवकर नसबंदी केलेल्या पिल्लांत आणखी उशीर होतो. फसगत होते ती इथेच. आठव्या-नवव्या महिन्यात हस्कीची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते, त्यामुळे तो मोठा झाला असं आपण धरून चालतो. खरी स्थिती एक्स-रेमध्येच दिसते.

युरोपातल्या अनेक स्पर्धांत सायकल गटात उतरायला कुत्रा किमान १८ महिन्यांचा असावा लागतो. आपणही तीच मर्यादा पाळावी, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी पशुवैद्याकडून खुबे, कोपर आणि हृदय तपासून घ्यावं.

‘मग तोवर घरात बसवून ठेवायचा’

हे दुसरं टोक झालं आणि तेही चुकीचंच. ‘वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं व्यायाम’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन महिन्यांत मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं बागडलेल्या पिल्लांत खुब्याचा विकार कमी आढळला. रोज जिने चढउतार करणाऱ्यांत तो जास्त आढळला. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मोकळ्या खेळात पिल्लू धावतं, थांबतं, हुंगतं, लोळतं, पुन्हा धावतं. सायकलीच्या बाजूला मात्र त्याला एकाच वेगानं, एकाच कडक रस्त्यावर, तीच टाप हजारो वेळा टाकावी लागते. वाढत्या सांध्यांना नको असतं ते हेच.

शिकवण मात्र लवकर सुरू करता येते. पाचव्या-सहाव्या महिन्यात हार्नेस अंगावर चढवून घरात वावरू द्या. सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालायला शिकवा. चाकाचा आवाज, ब्रेकची करकर, घंटी, सगळ्याची ओळख करून द्या. बर्फगाडीच्या कुत्र्यांना लगाम नसतो, त्यांना फक्त आवाजावर हाकतात. तुम्हीही ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘हळू’, ‘थांब’ आणि समोर मांजर दिसलं तरी ‘पुढे चल’ एवढे पाच शब्द चालता चालता पक्के करून घ्या. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे.

‘दमला की आपणहून थांबेल’

गावरान कुत्रा बहुधा थांबतो. हस्कीचा भरवसा धरू नका. पिढ्यानपिढ्या त्याची निवड झाली ती पळायची ओढ पाहूनच, आणि सायकलीला बांधलेल्या कुत्र्याला तसाही थांबायचा पर्याय नसतो. म्हणून वेग त्याचा आणि लगाम तुमचा. तो दुडक्या चालीनं पळत असेल तर ठीक. मागचे दोन्ही पाय एकत्र टाकत चौखूर उधळायला लागला, की तुमचा वेग जास्त झाला. पट्टा मागे ताणला जात असेल, तर तुम्ही त्याला ओढत नेताय. तिथेच उतरा.

सुरुवात अर्ध्या-एक किलोमीटरनं, मातीच्या वाटेवर, मध्ये चालत, आठवड्यातून दोन-तीनदाच करावी. अंतर हळूहळू वाढवावं. परतल्यावर पंजा उलटा करून प्रत्येक गादी आणि बोटांमधली जागा पाहावी. घासलेली गादी आधी गुळगुळीत, मग गुलाबी दिसते आणि लंगडणं त्यानंतर सुरू होतं. आपल्याकडे गोचीड तापाचाही विचार करावा लागतो. नेहमीचा उत्साही कुत्रा मरगळला असेल, हिरड्या फिकट दिसत असतील, तर सायकल बाजूला ठेवून रक्त तपासून घ्यावं.

‘पहाटे गार असतं, तेवढं पुरे’

महाराष्ट्रात सर्वांत घातक गैरसमज हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शरीर थंड करायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं, म्हणजेच जीभ आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याचं बाष्पीभवन. हवा दमट असली की हे बाष्पीभवन मंदावतं. त्यामुळे जुलैतली मुंबई आपल्याला गार वाटली, तरी पळणाऱ्या हस्कीला ती गुदमरवते. शिवाय उष्णता बाहेरून येते तेवढीच नसते, पळणारे स्नायूही ती तयार करत असतात. रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या उष्माघाताच्या नोंदी तपासल्या. सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत कारण व्यायाम निघालं, बंद गाडीत राहणं नव्हे. हे ब्रिटनसारख्या थंड देशातलं आहे.

बर्फगाडीच्या खेळातली जाणकार मंडळी पारा १५ अंशांच्या वर गेला की सावध होतात आणि दमटपणा जास्त असेल तर त्याआधीच. या कसोटीवर पुण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा बसतात. निफाड-नाशिककडे हिवाळा जरा जास्त साथ देतो. मुंबई आणि कोकणात मात्र हस्कीला सायकलीबरोबर पळवूच नये. तिथे पहाटे चालायला नेणं आणि घरात नाकाला काम देणारे खेळ खेळणं एवढंच योग्य.

‘पण आमचा एसीत राहतो’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. एसीत राहणाऱ्या कुत्र्याच्या शरीराला उष्णतेची सवयच होत नाही, त्यामुळे त्याला धोका उलट जास्त. उन्हाळ्यात संध्याकाळची फेरीही फसवी. सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेलं डांबर उष्णता धरून असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल, तर त्यालाही सोसणार नाही.

उन्हाळ्यात केस भादरावेत, हाही याच कुळातला गैरसमज. हस्कीचे वरचे राठ केस उन्हापासून कातडी वाचवतात. ते कापले तर कातडी भाजते आणि पुन्हा येणारे केस बिघडतात. आतली मऊ लव मात्र विंचरून काढायलाच हवी. पण या केसांमुळे कुत्रा ‘आतून गार राहतो’ असं समजून त्याला पळवू नका. पळताना स्नायूंत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला तेच केस अडथळा करतात.

‘हँडलला पट्टा गुंडाळला की झालं’

समोरून मांजर गेलं, तर वीस-पंचवीस किलोचा हस्की एका झटक्यात हँडल फिरवतो आणि दोघंही रस्त्यावर येता. पट्टा मनगटाला गुंडाळला असेल तर मनगट मोडू शकतं. गळपट्ट्याला बांधलं तर तो झटका श्वासनलिकेवर बसतो. बाजूला पळवायचं असेल तर सीटच्या खाली किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, तो घ्यावा. जोड जितका खाली, तितका तोल टिकतो. दुसरं टोक छातीवरून वाय आकारात जाणाऱ्या, खांदे मोकळे ठेवणाऱ्या हार्नेसला अडकवावं. कुत्रा पुढे राहून सायकल ओढतो तो खेळ वेगळा. त्यासाठी ताणली जाणारी दोरी आणि ती चाकात जाऊ नये म्हणून हँडलपुढे काढलेला दांडा लागतो. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतल्या व्हिडिओंत कुत्रा उजवीकडे दिसतो, कारण तिथली वाहतूक उजवीकडून चालते. आपल्याकडे कुत्रा डावीकडे हवा, म्हणजे गाड्या आणि त्याच्या मध्ये तुम्ही असता. सायकलीची साखळीही उजव्या बाजूलाच असते. हेल्मेट, पहाटेच्या अंधारासाठी दिवा आणि भटक्या कुत्र्यांची टोळी नसलेली वाट, हे तिन्ही जमत नसेल तर निघूच नका. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही आणि नीट लढताही येत नाही.

‘भरपूर पळवला की घरात शांत होतो’

थोडे दिवस होतोही. मग त्याचा दम वाढतो आणि त्याला दुप्पट अंतर लागायला लागतं. तुम्ही खेळाडू घडवता आणि घरातला कंटाळा तसाच राहतो. वास घेत भटकू देणं, खाऊ लपवून शोधायला लावणं, एकटं राहायला हळूहळू शिकवणं, यांची जागा सायकल घेऊ शकत नाही.

‘ऊन लागलं तर आधी दवाखाना गाठा’

नाही. आधी थंड करा, मग न्या. जिभेचं टोक पसरट होऊन वर वळलेलं, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, पाय अडखळणं, उलटी, यातलं काहीही दिसलं तर त्या क्षणी थांबा. सावलीत घ्या आणि अंगभर पाणी ओता. बर्फाचंच हवं असं नाही आणि साध्या गार पाण्यानं धक्का बसतो ही भीतीही बाळगू नका. कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं कोणतंही पाणी उपयोगी पडतं. पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर प्यायला पाणी पुढे ठेवा, बळजबरीनं पाजू नका. मग एसी लावलेल्या गाडीतून दवाखान्यात न्या. तो सावरल्यासारखा दिसला तरीही न्या, कारण मूत्रपिंडांना झालेली इजा नंतर समोर येते. लघवी काळपट झाली तर अजिबात वेळ दवडू नका.

सायकलीला दांडा लावायच्या आधी, चोवीस तास उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना शोधून त्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि दोन बाटल्या पाणी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.