म्हातारी पद्मिनी चढावर का दमते?

आपल्या सीमाभागात औराद-भालकीपासून आळंदपर्यंत अजूनही एखाद्या घरासमोर प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट 1100 डिलाइटलाच पुढे 1974 मध्ये हे नाव मिळाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली. आपल्याकडच्या मात्र अजून चालतात, आणि त्यांची एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते, ‘गाडी ओढत नाही.’

आमच्या घरी अण्णांची 1985 ची पद्मिनी आहे. औरादकडून मांजरेचा पूल ओलांडला की बीदरच्या पठाराचा चढ लागतो. जिथे ती तिसऱ्या गिअरवर चढायची, तिथे मागच्या उन्हाळ्यात दुसराही पुरेना. एका गॅरेजमध्ये न तपासताच सांगितले, “इंजिन उतरवा, रिंग-पिस्टन बदला.” खर्चाचा आकडा ऐकून थोरले बंधू म्हणाले, “त्यापेक्षा भंगारात देऊ.” अण्णा नुसते ऐकत राहिले.

शेवटी बीदरच्या एका जुन्या मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांचे पहिलेच वाक्य होते, “पैले देखो, बाद में खोलो.” त्यांनी ज्या क्रमाने तपासले, तो क्रम जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

दोष इंजिनाचाच आहे का, हे आधी पाहायचे. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली. ब्रेक धरून राहिला असेल तर चांगले इंजिनही दमते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम असताना चारही प्लग काढले, इग्निशन तोडले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला आणि एकेका सिलिंडरचा दाब मोजला. एखाद्याचा दाब बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा दोष. आमच्या चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आणि चांगले होते. म्हणजे रिंग-पिस्टनचा खर्च तिथेच वाचला.

तिसरी पाळी ठिणगीची. सीबी पॉइंटची फट आणि टायमिंग बरोबर होते. पण प्लग बोलले. बिस्किटी रंग म्हणजे ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. आमचे चारही पांढरट.

मग पेट्रोलचा माग काढला. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि स्टार्टर फिरवला. (हे उघड्यावर, इग्निशन तोडून आणि जवळपास आग नसतानाच करावे.) धार जोरात उडायला हवी, ती नुसती ठिबकत होती. पंपाआधीची जुनी रबरी नळी बाहेरून धड दिसत होती, आत मात्र फुगून अरुंद झाली होती. सपाटीवर तेवढे पेट्रोल पुरायचे. चढावर मागणी वाढली की कार्ब्युरेटरची वाटी रिकामी व्हायची. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनलेले नाही. म्हणून इथेनॉल सोसणारी नळी, नवा फिल्टर आणि पंपाचा पडदा एकदमच बदलून घेतला. काही शेकड्यांत काम झाले.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. बीदर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद कमी होते. चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाचे त्यात दोन-अडीच घोडे जातात. तो दोष नव्हे, आपल्या पठाराचा स्वभाव आहे.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी ‘ठेवायची की मोडायची’ हा वाद घरोघरी होतो. निर्णय काहीही घ्या, पण इंजिन खोला म्हणणाऱ्याला आधी एकच विचारा, “कॉम्प्रेशन किती आले?” उत्तर आकड्यात आले नाही, तर गाडी तशीच घरी आणा.

अण्णांनी यंदा नूतनीकरणाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला.