पाषाणच्या रस्त्यावरचं दार

पुण्यात पाषाणकडे जाणाऱ्या डॉ. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी एक मोठं आवार आहे. त्याच्यासमोरून रोज हजारो वाहनं जातात. त्यांतल्या कितीतरी दुचाक्यांवर मागे क्लासची जाड बॅग पाठीला लावलेली अकरावी-बारावीची मुलं असतात. हे आवार आयसरचं, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचं. 2006 साली ती इथे सुरू झाली. बारावीनंतर थेट संशोधनाच्या वातावरणात विज्ञान शिकायचं असेल, तर देशातल्या पहिल्या फळीच्या संस्थांत तिचं नाव येतं. तरीही पुण्यातल्याच अनेक घरांत दहावीच्या निकालादिवशी चर्चा होते ती आयआयटी की मेडिकल एवढीच, आणि आयसरचं नाव कोणाच्या तोंडून निघत नाही.

मग पालक पुढचा प्रश्न विचारतात, ‘आमच्या मुलाचा चान्स किती?’ प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, पण तो एकाच रांगेकडे बघून विचारलेला असतो. चान्स किती हे कुठल्या दारावर उभं राहायचं त्यावर ठरतं, आणि विज्ञानाला दारं पुष्कळ आहेत.

आधी ती ओळखीची रांग बघू. जेईई मेनला दरवर्षी सुमारे 14 लाख मुलं बसतात. त्यांतल्या वरच्या अडीच लाखांना जेईई अॅडव्हान्स्ड देता येते. 2024 साली अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर सुमारे 1 लाख 80 हजार मुलांनी दिले. त्यांतली 48,248 पात्र ठरली आणि सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या 17,740. त्यांतल्या बहुतेक अभियांत्रिकीच्या. ज्या मुलीला झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात दोन तास कुठे गेले ते कळत नाही, तिने दोन वर्षं फक्त या रांगेत उभं राहावं यात तिचं मोठं नुकसान आहे.

आता आयसरकडे वळू. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुअनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर अशा सात ठिकाणी या संस्था आहेत. पूर्वी इथे तीन वाटांनी प्रवेश मिळे: किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, जेईई अॅडव्हान्स्ड आणि बोर्डाच्या गुणांसह अभिरुची परीक्षा. किशोर वैज्ञानिक योजना 2022 मध्ये बंद झाली, पुढे अॅडव्हान्स्डची वाटही बंद झाली. आता एकच परीक्षा उरली, ती म्हणजे आयसरची अभिरुची परीक्षा, आयएटी. तीन तास, 60 प्रश्न, 240 गुण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. बारावीला खुल्या गटासाठी 60 टक्के गुण लागतात. राज्य मंडळाच्या मुलांना यात कुठलीही आडकाठी नाही.

खरी अडचण दोन वर्षं आधी झालेली असते. दहावी संपताच ‘ग्रुप’ ठरतो. इंजिनिअरिंगला जायचं म्हणून जीवशास्त्र सोडलं जातं, मेडिकलला जायचं म्हणून गणित. असा एक विषय सोडलेल्या मुलाला आयएटीला बसता येतं, कारण बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी पुरतं. पण सोडलेल्या विषयाचे 60 गुण समोर दिसत असतात आणि ते हाताला लागत नाहीत. ज्या मुलांना शुद्ध विज्ञानाची ओढ आहे असं घरच्यांना जरा जरी वाटत असेल, त्यांनी अकरावीत चारही विषय ठेवावेत. अभ्यास वाढतो हे खरं, पण सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित पुढे परत धरणं फार अवघड जातं.

नेस्ट ही परीक्षा या बाबतीत अधिक मोकळी आहे. तिच्यातही चार विषयांचे चार भाग असतात, पण गुणवत्ता यादीसाठी उत्तम तीन भागांचे गुण धरले जातात. अणुऊर्जा विभागाच्या दोन संस्थांचं दार या परीक्षेने उघडतं. एक भुवनेश्वरजवळची नायसर, तिथे 200 जागा. दुसरी मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातलं सीईबीएस हे मूलभूत विज्ञान केंद्र, तिथे 57. कालिन्यातल्या या केंद्रात टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले वैज्ञानिकही शिकवतात. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी इतक्या जवळची आणि इतकी कमी माहीत असलेली जागा दुसरी सापडणार नाही.

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था 1909 पासूनची. ती शंभर वर्षं पदव्युत्तर शिक्षणासाठीच ओळखली जायची. 2011 पासून मात्र तिथे बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रवेशासाठी जेईई अॅडव्हान्स्डबरोबर आता आयएटीचे गुणही धरले जातात. म्हणजे एक आयएटी मन लावून दिली, तर आठ संस्था समोर येतात.

गणिताची गोष्टच वेगळी. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था यांच्या प्रवेश परीक्षांत चार पर्यायांतला एक निवडून सुटका होत नाही. उत्तर का बरोबर आहे ते पायरी-पायरीने लिहून सिद्ध करावं लागतं. क्लासमध्ये दीड मिनिटात गणित सोडवायची सवय लागलेली हुशार मुलं इथे अडखळतात. उलट एका प्रमेयावर दोन दिवस डोकं चालवणारा, परीक्षेत नेहमी थोडा मागे राहणारा मुलगा इथे पुढे निघतो. अशी मुलं मराठी शाळांतही असतात. त्यांना ‘हळू’ म्हणून बाजूला बसवलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

या मुलांची खरी जागा ऑलिम्पियाडमध्ये आहे. मुंबईत मानखुर्दला टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान आणि गणिताच्या ऑलिम्पियाडचं देशाचं केंद्र तेच. ऑगस्ट 2025 मध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत भरलं, तेही याच केंद्राच्या यजमानपदाखाली. गणितात पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा, मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय परीक्षा. राष्ट्रीय पायरीवर चमकलेल्या मुलांना चेन्नईच्या संस्थेत प्रवेश परीक्षेशिवायही दार उघडतं. पुण्यात 1976 साली प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात या परीक्षांची तयारी अनेक वर्षं करून घेतली जाते.

ऑलिम्पियाडने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण 2016 साली देशभर गाजलं. मुंबईतल्या एका मुलीने सातवीनंतर शाळा सोडली होती. तिच्याकडे दहावीचा दाखला नव्हता, बारावीचाही नव्हता. घरी शिकता शिकता तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आणि त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. बारावी नाही म्हणून आयआयटीचा रस्ता बंदच होता. चेन्नईच्या गणितीय संस्थेने तिला शिकवलं, आणि 17 व्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. शाळा सोडावी असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण एक संस्था दाखला बघते आणि दुसरी काम बघते, हा फरक तिच्यामुळे अनेक घरांना पहिल्यांदा कळला.

एमआयटीचे आकडे बघून छाती दडपते. 2024 साली तिथे 28,232 अर्ज आले आणि 1,284 जणांना होकार मिळाला, म्हणजे बावीसात एक. परदेशी मुलांसाठी वाट याहून अरुंद आहे, कारण त्यांच्यातले दरवर्षी दीडशेच्या आसपासच निवडले जातात. मात्र कुटुंबाकडे पैसे किती हे एमआयटी निवडीच्या वेळी बघत नाही आणि निवड झाल्यावर गरजेएवढी मदत देते, परदेशी मुलांनाही. करोनाच्या काळात तिने सॅट परीक्षेची सक्ती काढली होती, 2022 मध्ये ती परत आणली. पसादीना इथल्या कॅलटेकनेही 2024 मध्ये तसंच केलं.

एमआयटीत गुणांबरोबर शिक्षकांची दोन शिफारसपत्रं मागतात. एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा, इतिहास अशा विषयाच्या शिक्षकाचं. ही अट वाचली की आपल्याकडच्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांची आठवण होते. मुलाचं नाव कॉलेजच्या पटावर, मूल दिवसभर क्लासमध्ये. प्रयोगवहीत आकडे आहेत, पण लिटमस कागद हातात धरलेला नाही. भाषेच्या बाईंनी त्याचा चेहराही पाहिलेला नाही. या मुलासाठी पत्र कोण लिहिणार, आणि काय लिहिणार? नुकसान परदेशी जाणाऱ्या मूठभरांपुरतंच आहे असंही नाही. हात कधीच प्रयोगाला न लागलेलं मूल आयसरमध्ये पोचलं, तरी पहिल्या सत्रात प्रयोगशाळेत गोंधळतं.

आणि बारावीला जमलं नाही तर? साध्या कॉलेजात बीएस्सी केलेल्यांसाठी जॅम ही परीक्षा आहे. तिच्या गुणांवर आयआयटीत एमएस्सीला आणि बंगळुरूच्या संस्थेत एकत्रित पीएचडीला जाता येतं. टीआयएफआर स्वतःची वेगळी परीक्षा घेतं. बीएस्सीनंतर पुढे जाण्याचं उदाहरण म्हणून भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या अभ्यंकरांचंच बघा. 1951 साली मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बीएस्सी झाले आणि 1955 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट घेतली. बीजीय भूमितीत त्यांचं नाव जगभर घेतलं जातं.

पैशांचीही चिंता असते. विज्ञान शिकून पोट कसं भरणार, असं घरात विचारलं जातं. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 रुपयांची. ती साध्या कॉलेजातल्या बीएस्सीलाही चालते. छोट्या गावातल्या पहिल्या पिढीच्या मुलीसाठी ही रक्कम घरच्यांचं मन वळवायला पुरेशी ठरू शकते.

सगळ्यात साध्या कारणाने हुकणारा चान्स मात्र तारखेचा असतो. आयएटीचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरायचे असतात, म्हणजे बारावीची परीक्षा संपते न संपते तोच. घर दमलेलं असतं, मुलं सीईटी आणि जेईईच्या दुसऱ्या फेरीकडे धावत असतात. निकाल लागल्यावर, मे-जूनमध्ये, कोणीतरी ओळखीचा विचारतो, ‘आयसरला नाही भरला फॉर्म?’ तेव्हा मुदत संपून गेलेली असते.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती. जानेवारी उजाडला की या संस्थांची संकेतस्थळं बघत राहा, आणि सूचनाफलकावर जेईई, नीट, सीईटीच्या तारखा लावाल, तेव्हा त्याच कागदावर आयएटी आणि नेस्टच्याही तारखा लिहा.