हवेवर तोललेली मोटार



सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरावा आणि दांडा आंत ढकलावा. प्रथम तो सहज जातो, पुढें पुढें जड होतो, आणि हात सैल सोडतांच आपण होऊन मागें येतो. हवा कोंडली कीं ती स्प्रिंगचें काम करते, एवढें ह्या साध्या प्रयोगावरून कोणाच्याहि ध्यानांत येईल. ह्याच गुणाच्या जोरावर सबंध मोटारगाडी हवेवर तोलून धरतां येते. एक खटका दाबला कीं ती जमिनीला पोट टेकून बसते. दुसरा दाबला कीं उठून उभी राहते. अमेरिकेंत पुष्कळ हौशी लोक आपल्या जुन्या मोटारींना आणि छोट्या ट्रकांना अशी योजना स्वतःच्या हातांनीं बसवितात. पाहणाराला नवल वाटतें तें गाडीच्या उठण्याबसण्याचें. परंतु ज्याला अशी गाडी बांधावयाची आहे, त्याच्यापुढील खरा प्रश्न निराळाच असतो, आणि तो न ओळखल्यास गाडीचा व आंत बसणारांचाहि घात होण्याचा संभव असतो. तो प्रश्न कोणता व तो सुटतो कसा, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. मोटारीचें अंग आणि तिचीं चाकें ह्यांच्यामध्यें जो लवचिक भाग असतो, त्याला इंग्रजींत सस्पेन्शन म्हणतात. आपण त्याला 'झुलता आधार' म्हणूं. जुन्या गाड्यांत, आणि आजच्याहि पुष्कळ मालमोटारींत, हा आधार कमानपाट्यांचा असतो. पोलादाचे लांब पाटे एकावर एक रचून ते मध्यभागीं चाकांच्या आंसाला आणि दोन्ही टोकांस गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात. हा पाटा दिसावयास ओबडधोबड. परंतु तो एकटा तीन कामें करतो. पहिलें काम गाडीचें वजन पेलण्याचें. दुसरें काम आंसाला जागच्या जागीं धरून ठेवण्याचें. गाडी वेग घेतांना, ब्रेक लावतांना किंवा वळतांना आंसाला पुढें, मागें अगर बाजूला तो सरकूं देत नाहीं. तिसरें काम झोका शमविण्याचें. पाट्यावर पाटा घासतो आणि गाडीचें डोलणें थोडेंफार आवरलें जातें.

हवेची पिशवी ह्यांपैकीं पहिलें काम उत्तम करते. उरलेलीं दोन तिला मुळींच येत नाहींत. घरांतला तीन कामें करणारा जुना गडी काढून टाकला आणि त्याच्या जागीं एकच काम जाणणारा नवा आणला, तर बाकीचीं दोन कामें कोणी करावयाचीं? हाच तो प्रश्न.

आतां ह्या नव्या गड्याचा परिचय करून घेऊं. ही पिशवी आंतून दोऱ्यांचें विणकाम घालून बळकट केलेल्या रबराची असून वर व खालीं धातूच्या तबकड्यांनीं बंद केलेली असते. एका जातीची पिशवी एकावर एक ठेवलेल्या दोन जाड कड्यांसारखी दिसते. दुसऱ्या जातीची, पायांतला मोजा उलटावा तशी, खालच्या नळकांड्यावर उलटत जाते. तिचें सामर्थ्य साध्या गुणाकारानें काढतां येतें. समजा, पिशवीचें कार्यकारी क्षेत्रफळ २० चौरस इंच आहे आणि तिच्यांत दर चौरस इंचास ४५ पौंड दाबाची हवा भरली आहे. तर ती २० गुणिलें ४५, म्हणजे ९०० पौंड, अर्थात् सुमारें ४०८ किलो वजन उचलून धरील. मोटारीच्या टायरमध्यें आपण ३० ते ३५ पौंड हवा भरतों, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा दाब फार मोठा नाहीं असें दिसून येईल.

मात्र पिशवी कोठें बसविली आहे, ह्याला फार महत्त्व आहे. चाकाला धरणाऱ्या भुजेच्या बरोबर मध्यावर ती बसविली, तर तरफेच्या नियमानें तिला चाकावरील भाराच्या दुप्पट भार सोसावा लागतो. म्हणून जाणता कारागीर आरंभीं गाडी कांट्यावर नेऊन प्रत्येक चाकावर किती वजन येतें तें निरनिराळें मोजून घेतो, आणि मग पिशवीची निवड करतो. एकूण वजनाला चारांनीं भागून काम भागत नाहीं. इंजिन पुढें असलेल्या गाडीचीं पुढचीं चाकें बहुधा अधिक भार वाहतात.

रॉबर्ट बॉइल ह्या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं असा नियम प्रसिद्ध केला कीं, उष्णमान कायम असतां हवेचें आकारमान निम्में केलें तर तिचा दाब दुप्पट होतो. हा दाब मोजतांना बाहेरील वातावरणाचे सुमारें १५ पौंड त्यांत मिळवावे लागतात. मापकावर ४५ दिसत असतां पिशवींतला खरा दाब ६० असतो. पिशवी सावकाश निम्मी दाबली तर तो १२० होईल. पण चाक खड्ड्याच्या कांठावर आदळतें तेव्हां हवेला निवण्यास सवड मिळत नाहीं. ती तापते आणि दाब १५८ च्या आसपास जातो. सारांश, पिशवी जों जों दबते तों तों ती अधिकच ताठर होत जाते. ह्यावरून एक गोष्ट उघड होते: गाडी अगदीं खालीं बसवून ती भरधांव हांकणें हें पिशवीच्या स्वभावाविरुद्ध आहे. त्या स्थितींत आंत हवा थोडी आणि दबण्यास जागाहि थोडी. प्रत्येक खड्डा हाडांपर्यंत जाणवतो. खालीं बसणें हें उभ्या गाडीसाठीं. चालण्यासाठीं निराळी, मधली उंची ठरवावी लागते, आणि सर्व मापें त्याच उंचीला धरून घ्यावीं लागतात.

पिशवीचा मोठा गुण पुढेंच आहे. पोलादी स्प्रिंगवर चार माणसें अधिक बसलीं कीं गाडी खालीं जाते आणि तिचा झोका मंदावतो. हवेच्या पिशवींत थोडी हवा अधिक सोडली कीं गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. शिवाय वजनाच्या मानानें पिशवीचा ताठपणाहि वाढलेला असल्यामुळें झोक्याची गति जवळजवळ पूर्वीसारखीच राहते. कधीं रिकामी तर कधीं गच्च भरलेली धांवणाऱ्या बसगाडीला ह्याहून सोयीची गोष्ट कोणती? अमेरिकेंतील ग्रेहाउंड कंपनीच्या १९५४ च्या 'सीनिक्रूझर' बसगाड्या अशा पिशव्यांवरच धांवत होत्या. मुंबई-पुणें मार्गावरील व्होल्वो बनावटीच्या शिवनेरी बसमधून ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांनींहि हा अनुभव नकळत घेतलेला आहे.

खासगी मोटारींत मात्र ह्या कल्पनेचा आरंभ सुखाचा झाला नाहीं. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें १९५५ सालीं आपली डी. एस. ही गाडी वायु आणि तेल ह्यांच्या संयोगावर तोलली, आणि ती यशस्वी झाली. पण अमेरिकेंत कॅडिलॅकनें १९५७ च्या आपल्या एल्डोराडो ब्रूम ह्या महागड्या गाडीला हवेचा आधार दिला, तेव्हां हवा गळण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं पुष्कळ मालकांनीं तो काढून टाकून पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या.

हौशी लोकांचा मार्ग वेगळ्या कारणानें खुला झाला. कॅलिफोर्नियांत, विशेषतः मेक्सिकन वंशाच्या तरुणांत, गाडी जमिनीलगत आणून रस्त्यांतून संथपणें मिरविण्याची आवड होती. चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या पातळीहून गाडीचा दुसरा कोणताहि भाग खालीं येतां कामा नये, असा निर्बंध तेथें १९५८ पासून अमलांत आला. त्यावर रॉन अगिरे ह्या तरुणानें १९५९ सालीं तोड काढली. त्यानें आपल्या कॉर्व्हेट गाडीला तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसविले. गाडी उभी असतां खालीं, आणि पोलीस दिसला कीं वर! तेलाच्या मागून हवेच्या पिशव्या आल्या. त्या वजनाला हलक्या आणि चालीला मऊ असल्यामुळें पुढें छोट्या ट्रकांच्या शौकिनांनीं त्या विशेष उचलून धरल्या. कॅलिफोर्नियांतील तो निर्बंध २०२४ च्या १ जानेवारीपासून उठला आहे.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं. विजेवर चालणारा छोटा काँप्रेसर हवा दाबून एका टाकींत भरतो. टाकीपासून प्रत्येक चाकाच्या पिशवीकडे स्वतंत्र नळी जाते, आणि प्रत्येक नळीवर हवा आंत घेण्याची व बाहेर सोडण्याची झडप असते. काँप्रेसरला टाकी भरण्यास कांहीं मिनिटें लागतात. पण टाकींत सांठा तयार असल्यामुळें गाडी कांहीं सेकंदांत उठते. डावी व उजवी पिशवी एकाच नळीवर जोडून खर्च वांचविण्याचा मोह कित्येकांना होतो. त्याचा परिणाम वळणावर दिसतो. बाहेरच्या बाजूला भार पडतांच तिकडील हवा आंतल्या पिशवींत पळते; जी बाजू उचलून धरावयाची ती खचते आणि जी खालीं राहावयाची ती उचलली जाते. गाडी कलंडण्यास ह्याहून अधिक साहाय्य कोणतें हवें? म्हणून चार पिशव्यांच्या चार वाटा निराळ्याच पाहिजेत.

आतां उरलेल्या दोन कामांची सोय. पाटे काढल्यावर आंसाला धरण्यासाठीं पोलादी दांड्या लागतात. दोन खालून, दोन वरून अशा चार दांड्यांनीं आंस सांगाड्याला जोडला, म्हणजे तो पुढेंमागें सरकत नाहीं आणि ब्रेक लावतांना पिळवटतहि नाहीं. वरच्या दोन दांड्या तिरप्या ठेवल्या तर त्याच आंसाला बाजूला जाऊं देत नाहींत. सर्व दांड्या सरळ असल्या तर त्या कामासाठीं एक आडवी दांडी निराळी घालावी लागते. ह्या दांड्यांचे सांधे आणि जोडकाम हें सर्व योजनेंतील सर्वांत जोखमीचें काम होय. येथील एक जोड तुटला तर पिशवींत कितीहि हवा असो, चाक ताब्यांत राहत नाहीं. झोका शमविण्याचें काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे द्यावयाचें. त्यांतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि झोक्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें जिरून जाते. गाडी पूर्ण वर आणि पूर्ण खालीं असतांना त्याची लांबी पुरते कीं नाहीं, हें मोजूनच तो निवडावा.

पिशवी फुगली असतां तिच्या भोंवतीं सर्व बाजूंनीं मोकळी जागा हवी. सांगाड्याची धारदार कड, धुराची तापलेली नळी किंवा फिरतें चाक ह्यांपैकीं कशाचाहि स्पर्श तिला होतां कामा नये. रबर घासूं लागलें कीं तें केव्हां तरी फुटणारच. नळ्याहि उष्णतेपासून दूर न्याव्या. सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का तें पाहावें. गळती शोधण्याचा हा उपाय जुना, पण खात्रीचा आहे. दाबलेल्या हवेंतून पाणी सुटतें आणि तें टाकीच्या तळाशीं सांचतें. तें वरचेवर काढून टाकलें नाहीं तर झडपा गंजतात. टाकी मात्र जाणत्या कारखान्यांत कसोटी घेतलेलीच असावी; घरीं जोडकाम करून बनविलेली टाकी म्हणजे गाडींत ठेवलेला बाँबच होय. ब्रेकच्या रबरी नळ्या गाडी पूर्ण वर असतांनाहि ताणल्या जाऊं नयेत. आणि गाडी केवळ हवेवर उभी असतां तिच्याखालीं कोणीहि, क्षणभरहि, शिरूं नये. प्रथम सांगाड्याखालीं लोखंडी घोड्या लावाव्या.

एवढें सगळें झाल्यावर अखेरची परीक्षा घ्यावी ती अशी. सगळी हवा सोडून द्यावी आणि गाडी कशावर टेकते तें पाहावें. ती रबरी ठोकळ्यांवर टेकली, चाकें मोकळीं फिरलीं आणि सुकाणूचें चक्र दोन्हीं बाजूंस पुरतें वळलें, तर वाटेंत पिशवी फुटली तरी चालक गाडी कडेला आणून थांबवूं शकेल. उलट, मडगार्ड टायरवर बसलें किंवा सांगाडा रस्त्याला लागला, तर त्याच अपघातांत गाडी हातची जाईल. गाडीनें जमिनीला अंग टेकावें हा हौशी माणसाचा हट्ट, आणि रबरी ठोकळ्यांनीं तिला वर धरावें हा शहाणपणाचा आग्रह. दोहोंत खरोखरच विरोध आहे, आणि कोणाची बाजू घ्यावयाची हें बांधणाराला बांधण्यापूर्वींच ठरवावें लागतें.

आपल्याकडील परिस्थितीहि सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हीच भूमिका उचलून धरली. तेव्हां आपल्या रस्त्यांवर असा प्रयोग करण्यापूर्वीं परिवहन कचेरींत चौकशी करणें अवश्य आहे. पण कायदा दूर ठेवला तरी ह्या विषयांतून घेण्यासारखें कांहीं आहेच. कोणत्याहि यंत्रांतील जुना भाग काढण्यापूर्वीं तो किती कामें करीत होता, हें मोजून पाहावें. पाट्याचें एक काम डोळ्यांना दिसतें, दोन दिसत नाहींत. आणि न दिसणारीं हीं दोनच गाडीला रस्त्यावर ठेवतात. वजन पेलण्याचा भार हवेवर टाकतां येईल. बाकीची जबाबदारी बांधणाराची आहे, ती हवेवर सोडतां येत नाहीं.