यशोगाथा वाचायची कशी?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना अभ्यासाइतकीच उमेदीची गरज असते आणि ती त्यांना यशस्वी माणसांच्या पुस्तकांतून मिळते. विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’ हे अशा पुस्तकांतलं ठळक नाव. सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचा मुलगा १९९७ च्या तुकडीत आयपीएस होतो आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी शिरलेल्या ताज हॉटेलात जातो, हे वाचताना खेड्यातल्या मुलाला आपल्यासाठीही दार उघडं आहे असं वाटतं. या पुस्तकांचं हे मोठंच देणं आहे. पण पुष्कळ वाचक त्यांतून एकच धडा उचलतात : जिद्द असली की सगळं जमतं. हा धडा अर्धा आहे आणि तेवढ्यावर विसंबणं मुलांना महागात पडतं.

मराठवाड्यातलंच उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ३६१ वे आले, तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. वडील रिक्षाचालक. ही कहाणी जिद्दीची आहेच. पण त्यांना शिकता यावं म्हणून धाकट्या भावानं शाळा सोडून गॅरेजमध्ये काम धरलं, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणजे एकाच्या यशामागे दुसऱ्याचं शिक्षण खर्ची पडलं. लातूर पॅटर्नचंही तसंच. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांत प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षांचा सपाटा लावला, पेपर तपासून कोण कुठे चुकतंय ते दाखवून दिलं. लातूरच्या मुलांची महत्त्वाकांक्षा काही या पॅटर्नमुळे जन्मली नाही. ती आधीही होती. तिला फळ धरलं ते शिक्षकांनी व्यवस्था उभी केल्यावर.

यावर कोणी म्हणेल, मदतीचा हिशेब मांडत बसलं तर मुलं हातपाय गाळतील; ज्याच्याजवळ पैसा नाही, ओळख नाही, त्याच्याकडे जिद्दीशिवाय उरतं काय? आक्षेप रास्त आहे. कष्टांना पर्याय नाही आणि पहाटे उठून पुस्तक उघडायचं ते ज्याचं त्यालाच. पण खरा हिशेब कळल्यानं मूल खचत नाही. घरून किती दिवस पैसे येऊ शकतील, कुठल्या शिक्षकाला अडचण विचारता येईल, शासनाची कोणती शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह मिळेल, हे प्रश्न त्याला वेळेवर सुचतात. नुसत्या स्फूर्तीच्या बळावर निघालेल्या मुलाला ते पैसे संपल्यावर सुचतात.

दुसरी गोष्ट अपयशाची. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आत होत्या. सगळ्यांनी सारखीच जिद्द दाखवली असती, तरी वीस लाखांहून अधिक मुलांना जागा मिळणं अशक्यच होतं. ‘जिद्द असली की जमतं’ हे सूत्र खरं मानलं, तर या साऱ्यांची जिद्द कमी पडली असं म्हणावं लागेल. निकालानंतर घरोघरी मुलांना नेमकं हेच ऐकवलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. पुस्तक लिहायला यशस्वी माणूसच उरतो. तितकेच कष्ट करून मागे राहिलेल्याचा अनुभव कुठे छापला जात नाही. म्हणून यशोगाथा जरूर वाचाव्यात, पण वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात : खर्च कोणी सोसला, वाट कोणी दाखवली आणि हे जमलं नसतं तर पुढे काय करायचं ठरलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सहसा सापडत नाही. ते आईवडील आणि शिक्षकांनी मुलाबरोबर बसून, परीक्षेच्या आधीच ठरवायला हवं.