कीबोर्ड आणि माऊस : कोणती जोडणी निवडावी?

शाळेच्या संगणक कक्षासाठी कीबोर्ड आणि माऊस घ्यायचे म्हटले, की चार प्रकारच्या जोडण्या समोर येतात : जुन्या संगणकांवरील गोल प्लगची पीएस/२, चपट्या प्लगची यूएसबी, छोटा रिसीव्हर लावून चालणारी बिनतारी आणि ब्लूटूथ. यांतली सर्वांत वेगवान कोणती, असे बहुधा विचारले जाते. शाळेच्या दृष्टीने हा प्रश्न गौण आहे. का, ते पाहू.

पीएस/२ जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. तीत कळ दाबताच कीबोर्ड स्वतःहून संदेश पाठवतो. वर्गात हात वर करून बोलणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीची रीत हजेरीसारखी आहे. संगणक ठरावीक काळाने विचारतो, मगच उपकरण उत्तर देते. साध्या माऊसला तो बहुधा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारतो.

हा विलंब केवढा? वर्गात एक प्रयोग करा. एका विद्यार्थ्याने पट्टी उभी धरावी, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवावी. पट्टी अचानक सोडल्यावर पकडेपर्यंत ती साधारण २० सेंटिमीटर खाली येते. मीटरमधील अंतराची दुप्पट ९.८ने भागून वर्गमूळ काढा. उत्तर सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद. आपल्याच हाताला एवढा वेळ लागतो. त्यापुढे ८ मिलिसेकंद नगण्य.

मग निवड कशावर करावी? पहिली कसोटी हाताळणीची. यूएसबी प्लगच्या आत चार धातूच्या पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन थोड्या लांब असतात, त्या विजेच्या. त्यामुळे आधी वीज आणि मग माहितीच्या तारा जोडल्या जातात, आणि संगणक चालू असतानाही प्लग काढता-घालता येतो. पीएस/२ची रचना अशी नाही. संगणक बंद करूनच ती जोडावी, नाहीतर पोर्ट निकामी होण्याचा धोका असतो.

दुसरी कसोटी हवेतील गर्दीची. बिनतारी साधने आणि ब्लूटूथ बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. वायफायही त्याच पट्ट्यात चालते. शिवाय सेल संपतात, रिसीव्हर हरवतात.

तिसरी कसोटी गोपनीयतेची. काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड कळांचे संदेश सांकेतिक न करताच पाठवतात आणि ते दुरून टिपता येतात, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. विद्यार्थ्यांचे गुण आणि पासवर्ड ज्या संगणकावर भरले जातात, तिथे हा धोका पत्करू नये.

म्हणून संगणक कक्षासाठी आणि कार्यालयासाठी आम्ही तारेची यूएसबी सुचवू. प्रोजेक्टरवर शिकवताना वर्गात फिरायचे असेल, तर एक बिनतारी माऊस सोयीचा. टॅबलेटसारख्या, मोकळे पोर्ट नसलेल्या साधनाला ब्लूटूथ योग्य. चालू असलेले पीएस/२ कीबोर्ड मात्र केवळ जुने म्हणून टाकून देऊ नयेत.